दुखवट्यानंतरचा नाताळ: वसईतल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

ज्या बाईंबद्दल हे लिहिते आहे त्यांना मी मावशी म्हणते, इथेही तेच म्हणेन. गाव वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं, केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्यांचं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, आजारी आणि वयस्क माणसांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणारा एक लहान गट आहे, त्यात मी काम करते. नाताळात एकट्या पडलेल्या माणसासाठी आपण हौसेने बरंच काही करतो. मावशींच्या बाबतीत त्यातलं थोडंच उपयोगी पडलं, आणि जे पडलं ते आमच्या नेहमीच्या यादीत नव्हतं. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे.

घर आणि माणसं

मावशींचं वय ७६. नवरा फुलांचा धंदा करायचा. पहाटेच्या लोकलने टोपल्या दादरच्या फूलबाजारात न्यायच्या आणि दुपारच्या आत घरी, असं त्यांचं आयुष्य गेलं. मुलगा कॅनडात टोरंटोजवळ, मुलगी दुबईत एका हॉटेलात नोकरीला. डिसेंबर म्हणजे हॉटेलांचा भरगच्च हंगाम, त्यामुळे मुलीला नाताळात रजा मिळत नाही. मुलगा दोन-तीन वर्षांनी येतो, तोही मुलांच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते तेव्हा. अशी घरं आमच्या भागात गल्लोगल्ली आहेत. अंगणासकट मोठं कौलारू घर, मागे विहीर, आणि आत एकच माणूस.

नवरा ऑक्टोबरमध्ये गेला. दोनच महिन्यांनी आलेला नाताळ अर्थातच दुखवट्यात गेला. आमच्याकडे रीत अशी की माणूस गेल्यावर वर्षभर घरात गोडधोड करायचं नाही, नाताळाचा तारा, म्हणजे चांदणीच्या आकाराचा कंदील, लावायचा नाही, आणि शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या घरचं त्या घरी पोचवायचं. मला ही रीत फार आवडते. दुःखात असलेल्या माणसाकडून सण साजरा करण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही, आणि त्याला विसरतही नाही.

घोटाळा झाला तो पुढच्या वर्षी. वर्ष सरलं होतं, वर्षाचा मिस्साही, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, झाला होता, पण दुखवटा संपला हे कोणी मोठ्याने म्हटलंच नाही. मुलं घरात असती तर त्यांनीच माळ्यावरचा तारा खाली काढला असता. मावशी काही माळ्यावर चढणार नव्हत्या. घर अंधारात राहिलं. अंधारलेलं घर पाहून कॅरोल, म्हणजे नाताळाची गाणी, गाणारी पोरं अदबीने पुढे निघून गेली. शेजाऱ्यांनी मात्र ताटं पाठवली. एखादा मुलगा यायचा, झाकलेलं ताट हातात द्यायचा, ‘आईने दिलंय’ म्हणायचा आणि पळायचा. ताट रिकामं परत करायचं नाही, हे मावशींच्या हाडात मुरलेलं. घरात काहीच केलेलं नाही, म्हणून प्रत्येक ताटात त्यांनी साखर घातली आणि पाठवलं. हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. “सगळ्यांच्या ताटात साखर. लहान पोराच्या हातात साखरेचं ताट देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

त्या नाताळात गावाने त्यांना टाकलं, असं कोणी म्हणू शकणार नाही. ताटं आली होती. आमच्या गटातर्फे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियनही, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, जात होतं. तरीसुद्धा त्या दिवसांइतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

नोव्हेंबरातली गाठ

हे प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षाचं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत असतं. थडगी धुतात, फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, फादर आशीर्वाद देत फिरतात. कोणाच्या थडग्याशी किती माणसं उभी आहेत हे त्या दिवशी एका नजरेत दिसतं. मावशी नवऱ्याच्या थडग्याशी एकट्याच होत्या. कोणीतरी त्यांना विचारलं, “मुलगा कधी येतोय?” मावशी म्हणाल्या, “हो, फुलं घरचीच.” विचारणारी बाई हसून पुढे गेली. ‘वय झालं आता,’ एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी हे ऐकलं आणि तिथेच म्हणाल्या, “ह्यांना ऐकू येत नाहीये.”

शेजारी आम्हाला सांगत होते की मावशींना एकटंच राहायला आवडतं, त्या बोलत नाहीत, कार्यक्रमाला बोलावलं तर येत नाहीत. वयोमानाने येणारा बहिरेपणा असाच हळूहळू येतो. घरात समोरासमोर बसून बोललेलं कळतं, पण चार माणसं एकदम बोलू लागली, वर पंखा आणि बाहेर स्पीकर असला, की शब्द सुटतात. माणूस दोनदा ‘काय?’ म्हणतो, तिसऱ्यांदा लाजून नुसती मान हलवतो, आणि चौथ्या वेळी जातच नाही. स्मृतिभ्रंशावर अभ्यास करणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने बहिरेपणा हा त्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांमध्ये धरला आहे, आणि माणसांपासून तुटणं हेही त्याच यादीत आहे. मावशींच्या घरात ही दोन्ही एकमेकांना धरून बसली होती.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा एका कानात मळ घट्ट बसलेला निघाला. तो काढल्यावर बराच फरक पडला. दुसऱ्या कानाला यंत्र सुचवलं. ते मावशी घरात लावतात. गर्दीत लावलं की सगळाच गलका मोठा होतो, म्हणून बाहेर जाताना काढून ठेवतात. त्यावर आम्ही हट्ट केला नाही.

परिचारिका ताईंनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येक गटात कोणीतरी करायला हवी. त्यांनी झोप, भूक, वजन, औषधं सगळं विचारलं आणि मग थेट विचारलं, “मावशी, जगणं नकोसं होतं का?” मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, “मरावंसं नाही वाटत गं. पण दिवस संपत नाही.” एकाकीपणा आणि नैराश्य शेजारी शेजारी राहतात, तरी ते एकच नाहीत. उत्तर वेगळं आलं असतं तर कलकल (नाताळाचा तळलेला गोड पदार्थ) आणि कॅरोल बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा लागला असता. अशा वेळी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि वयस्कांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. दोन्ही क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरात लिहून मावशींच्या फोनजवळ चिकटवले.

एकाकीपणा मोजायची तीन प्रश्नांची एक छोटी पट्टी आहे, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या मोठ्या पट्टीतून काढलेली. सोबतीची उणीव किती वेळा भासते, आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं, आणि इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. उत्तरं तीनच: क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा. मावशींची तिन्ही उत्तरं ‘बऱ्याचदा’.

‘कोणासाठी करू?’

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाला अजून साधारण चार आठवडे असताना, मी विचारलं, “मावशी, यंदा कलकल करायचे ना?”

“कोणासाठी करू?”

हा प्रश्न त्यांनी रडवेल्या सुरात विचारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. घरात खाणारं कोणी नाही, नातवंडं सातासमुद्रापार. मग पिठात हात घालायचा तो कोणासाठी? ‘आमच्यासाठी करा’ म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं झालं असतं. आम्हा सगळ्यांच्या घरी कलकल होतातच.

खरं उत्तर साखरेच्या ताटांत होतं. ज्या घरांतून गेल्या वर्षी ताटं आली त्या घरांना ताटं जायची राहिली होती. हे त्यांना म्हटलं मात्र, मावशी उठल्या, आतून एक जुनी वही आणली आणि कोणाकडून काय आलं होतं ते वाचायला लागल्या. सगळं लिहून ठेवलेलं होतं.

कलकलचा बेत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याच स्वयंपाकघरात झाला. आमच्या गटातल्या दोघी, धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या दोन मुली, आणि जवळच खोली घेऊन राहणारी एक तरुण नर्स. ती मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली. तिचं घराणं मराठी प्रोटेस्टंट, तिच्या गावाकडचा नाताळ पेटी-तबल्यावरच्या भजनांचा. तिला नाताळात घरी जायला रजा नव्हती आणि वसईत कोणी ओळखीचं नव्हतं. ताई तिला रुग्णालयातल्या ओळखीने घेऊन आल्या. एकाकीपणा हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं आहे अशी आपली समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांवरच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटलं की जगात दर सहा माणसांत एक जण एकाकी आहे, आणि त्यात किशोरवयीन आणि तरुणांचं प्रमाण मोठं आहे.

मैदा, थोडा रवा, साखर, अंडं, आणि घट्ट नारळाचं दूध. पीठ मळून मुरत ठेवलं की खरं काम सुरू होतं. छोटी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पसरायची आणि तशीच सोडवत सुरळी करायची, म्हणजे वर रेघा उमटतात. मावशींकडे काटा नव्हता. त्यांच्याकडे एक लाकडी कंगवा होता, लग्नानंतर पहिल्या नाताळाला घेतलेला आणि केसांना कधीच न लागलेला. मुलींना त्या कंगव्याचं फार नवल वाटलं. पाच मिनिटांत स्वयंपाकघर मावशींच्या ताब्यात गेलं. “हात कोरडा ठेव. एवढी मोठी गोळी? आत कच्ची राहील ती. तेल धुरावलं की सगळा घाणा काळा पडेल, आच कमी कर आधी.” नर्सच्या सुरळ्या पुन्हा पुन्हा उलगडत होत्या, तर मावशींनी तिचा अंगठा आपल्या हातात धरून कंगव्यावर फिरवला.

त्या दुपारी मावशी जेवढं बोलल्या तेवढं त्यांना बोलताना मी पाहिलं नव्हतं. त्याचं कारण भावनेपेक्षा साध्या मांडणीत होतं. खोली लहान, टीव्ही बंद, माणसं मोजकी, सगळ्यांचे चेहरे त्यांच्यासमोर, आणि सगळ्यांचे हात कामात. त्यांना ऐकू येत होतं. शिवाय बोलणं थांबलं तरी कोणी अवघडत नव्हतं, कारण गोळ्या वळायच्या होत्याच. ‘गप्पा मारायला’ म्हणून समोर बसलेल्या पाहुण्याशी हे जमत नाही.

ताटं भरली. मुलींनी लांबच्या घरी पोचवली. जवळच्या तीन घरी मावशी काठी टेकत स्वतः गेल्या.

जे चाललं नाही

डिसेंबरमध्ये धर्मग्रामात ज्येष्ठांसाठी स्नेहसंमेलन असतं. मोठा मंडप, संगीत, खेळ, जेवण. मंडळी मनापासून राबतात आणि कित्येक ज्येष्ठ वर्षभर त्याची वाट पाहतात. मावशी आल्या, अर्धा तास बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, “मला घरी सोड.” स्पीकर त्यांच्या डोक्यावरच होता.

भेटवस्तूंची टोपलीही फसली. घोंगडी, फळं, बिस्किटं. मावशींनी ती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला विचारलं, “मला काय मागणारी समजतात का?” दिवसभर कष्ट करून घर उभं केलेल्या बाईला ती टोपली टोचली. गरजवंताला टोपली द्यावीच. पण एकटं असणं आणि गरीब असणं यात गल्लत केली की माणूस आणखी आत जाऊन बसतो.

आणि घरपोच कम्युनियनबद्दल. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी या सेवेसारखी दुसरी सेवा नाही. मावशी मात्र काठीने चालू शकत होत्या. त्यांना चर्चमध्ये न यायला कारणं होती ती रात्रीच्या थंडीत मैदानावरच्या मिस्साला बसण्याची, रिक्षा न मिळण्याची आणि पायऱ्यांची. सगळं घरी यायला लागल्यावर ही कारणं दूर करायची कोणाला गरजच उरली नाही.

फोनची वेळ

ज्या घरांतली मुलं परदेशात आहेत त्यांनी ही गोष्ट जरूर पाहावी. आदल्या वर्षी मुलाने नाताळाच्या दिवशी फोन केला होता, प्रेमाने, सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून. पण तो त्याच्या नाताळाच्या सकाळी, दहा वाजता. टोरंटो हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. त्याचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मावशी सकाळी उठून चांगलं लुगडं नेसून बसल्या होत्या. फोन कधीही येईल म्हणून कोणाकडे गेल्या नाहीत, दुपारी झोपल्या नाहीत. सगळा दिवस वाट पाहण्यात गेला, आणि फोन आला तेव्हा त्या इतक्या थकल्या होत्या की दहा मिनिटांत म्हणाल्या, “बरं, ठेवते आता.” मुलाला वाटलं आईला बोलायचं नाही.

त्याला हे कळवल्यावर त्याला धक्काच बसला. त्याने वेळ बदलली. आपल्याकडे २५ तारखेचे सकाळचे सात, म्हणजे त्याच्याकडे २४ ची रात्र, साडेआठ. नातवंडं जागी, घरात झाड सजलेलं, आणि इकडे मावशींचा दिवस अजून पुढे उभा. फोन टेबलावर उभा ठेवायला एक स्टँड आणला, आवाज यंत्राच्या कानाच्या बाजूने. नातवंडांनी एकेकाने बोलायचं, सगळ्यांनी एकदम नाही, हे मुलाने तिकडे ठरवून दिलं.

२५ डिसेंबर

तारा आठ दिवस आधीच लागला होता. कॅरोलच्या पोरांना सांगून ठेवलं होतं, तर ती आली, आणि मावशींच्या विनंतीवरून एक जुनं मराठी नाताळगीत ढोलाशिवाय गायली.

सकाळचा फोन झाला. नऊच्या मिस्साला शेजाऱ्यांच्या गाडीतून मावशी गेल्या. बाजूच्या दारातून, जिथे पायऱ्या कमी आहेत, आणि पुढच्या बाकावर बसल्या. मिस्सानंतर चर्चच्या आवारात लोक ‘हॅपी क्रिसमस’ करत भेटतात, त्या गर्दीत त्या फार वेळ थांबल्या नाहीत. घरी आल्या तर नर्स दारात उभी. रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल. मावशींनी तिला खायला घातलं आणि म्हणाल्या, “आता बोलू नको, झोप.” ती पोरगी मावशींच्या नवऱ्याच्या रिकाम्या खाटेवर दुपारी तीनपर्यंत झोपली. आम्ही भेटायला गेलो तर मावशींनी दारातच तोंडावर बोट ठेवलं आणि आम्हाला अंगणात बसवलं. त्या दुपारी त्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही, आणि ते नाताळाचं जेवण त्यांनी साडेतीन वाजता एकत्र केलं.

संध्याकाळी सहानंतर मात्र जड गेलं, असं मावशींनी नंतर सांगितलं. नवरा फुलांचे हिशेब घेऊन बसायचा ती वेळ. त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता, आणि मला वाटतं कोणाकडेच नसतो.

त्यानंतर

सण संपला की माणसं पांगतात. ६ जानेवारीला तीन राजांचा सण होतो, गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, उचलला जातो, आणि फोन येणं थांबतं. एकट्या माणसाला डिसेंबरपेक्षा जानेवारीचा दुसरा आठवडा कठीण जातो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. म्हणून डिसेंबरमध्येच ठरवून टाकलं होतं की नर्सची सुट्टी असेल त्या दिवशी ती मावशींकडे जेवेल, आणि भाजी ती आणेल. हा व्यवहार मावशींना पटला. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलीने लाल लुगडं कसं नेसतात ते शिकायचं म्हणून येणं सुरू केलं. ती शाळेच्या परीक्षेत गुंतली आणि ते मध्येच सुटलं.

फेब्रुवारीत तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. ‘वगळलंय असं वाटतं का’ याचं उत्तर ‘क्वचित’ आलं. ‘तुटल्यासारखं’ याचं ‘कधी कधी’. आणि सोबतीची उणीव? “बऱ्याचदा,” मावशी म्हणाल्या, “ती राहणारच ना.” पन्नासेक वर्षांच्या संसाराच्या जागी आठवड्याचं एक जेवण येऊ शकत नाही, आणि यावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. वगळलं जाणं मात्र गावाच्या हातात होतं, आणि तिथे फरक पडला.

आमच्या गटाची पद्धत यानंतर बदलली. फादरांच्या परवानगीने आम्ही आता मृत्यूच्या नोंदी पाहतो आणि ज्या घरांचा दुखवटा नाताळाआधी संपतो त्यांची यादी ऑक्टोबरमध्ये करतो. वर्षाच्या मिस्सानंतर घरातल्या किंवा भावकीतल्या कोणीतरी वडीलधाऱ्याने येऊन ‘यंदा तारा लावा’ असं म्हणावं, एवढं आधी पाहतो. मग त्या माणसाच्या हातात काय कसब आहे ते विचारतो. यंदाच्या यादीत एक आजोबा आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं चर्चचा गोठा बांधला आणि बायको गेल्यावर सोडला. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे बांबू आणि पेंढा मागायला जाणार आहेत, आणि छपराचा उतार किती ठेवायचा हेही त्यांनाच विचारणार आहेत.